पूजेला बसलेला पाना

चाकूरच्या थोडं अलीकडं गाडीच्या पोटातून गुरगुर यायला लागली, तेव्हा मी आधी रस्त्याला शिव्या घातल्या. नांदेड-लातूर रस्त्याला शिव्या घालायला कारण शोधावं लागत नाही. पण रस्ता गुळगुळीत लागला तरी गुरगुर थांबेना. मग गिअर पडेना. तिसऱ्यातून चौथ्यात टाकायला गेलो की दांडा हात झिडकारायचा. मागच्या सीटवर आई पाय लांब करून आडवी होती. मांडीचं हाड मोडून आत सळई घातलेली, त्यामुळं तिला एसटीत चढवायचा प्रश्नच नव्हता.

"आलं का रे लातूर?" तिनं विचारलं.

"आलंच," मी म्हणालो.

लातूरच्या दवाखान्यात तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, शेवटच्या घटका मोजत होता. सकाळी मामेबहिणीचा फोन आला होता. डॉक्टरांनी आशा सोडलीय, पण शुद्ध आहे, आणि 'अक्का आली का' एवढंच विचारतायत. आईला त्याच्या त्या हाकेला एकदा ओ द्यायची होती. बाकी तिला कशाचीच पर्वा नव्हती. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

गाडी कशीबशी चाकुरात आणली. त्या दिवशी खंडेनवमी. गॅरेजांची शटरं ओढलेली. एका अर्धवट उघड्या शटरपुढं मिस्त्री नवा शर्ट घालून उभा होता. मागंच त्याचं घर होतं. मी हकीकत सांगितली. त्यानं एकदा मागच्या सीटकडं पाहिलं, पोतं अंथरलं आणि नव्या शर्टासकट गाडीखाली शिरला.

"इंजिन ऑइल गळत असणार," मी वरून अक्कल पाजळली. बॉनेट उघडून पट्टी काढली, पुसली, परत बुडवून बघितली. इंजिनात ऑइल भरपूर होतं.

खाली त्यानं डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं आणि वास घेतला. "इंजिनचं न्हाई हे. गिअरचं ऑइल हाय. चाकाकडं एक्सल जातो, तिथलं सील गेलंय. काल धुतली का गाडी?"

धुतली होती. दसऱ्याच्या पूजेसाठी नांदेडला खालूनसुद्धा फवारा मारून चकाचक करून घेतली होती.

"मग कुठून दिसंल? डाग सगळा धुऊन गेला. किती दिसापासून गळून राहिलंय, देव जाणे."

"आता काय करायचं?"

"सील बदलायचं तर दिवस जाईल. पर वरून ऑइल भरलं तर लातूर गाठंल गाडी. ऑइल हाय माझ्याकडं. एक बूच खोलायचं, बस्स." एवढं बोलून तो शटरच्या आत बघायला लागला.

आत चौरंगावर त्याची सगळी हत्यारं मांडलेली होती. धुतलेले पाने, पकडी, हातोडी, बाजूला जॅक. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. उदबत्ती अजून जळत होती.

"हत्यारं बसलीत, साहेब. उद्या सीमोल्लंघन झाल्याबिगर उचलत न्हाईत."

माझं डोकं फिरलं. मी मूळचाच तापट. "तिकडं माणूस मरायला लागलाय आणि तुम्ही पूजा सांगताय!" मी ओरडलो. माझा आवाज ऐकून त्याची बायको घरातून बाहेर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, देवाची माफी मागा अन् उचला. भाऊ हाय त्यांचा." त्यानं मान हलवली, चपला काढल्या आणि चौरंगापुढं हात जोडले. मला हुश्श झालं.

"हात लावू नका!"

आई होती. खिडकीतून मान बाहेर काढलेली, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत गच्च धरलेलं.

"बसल्याली पूजा मोडून गेले तर त्याचं माझ्या भावालाच भोवंल. तसली गाडी नको मला."

"आई, अगं दहा मिनिटांचं काम आहे. मी उचलतो. पाप लागायचं ते मला लागू दे."

"माझी आण हाय तुला!"

आण घातली की खेळ खलास. पन्नाशीचा बाप्या मी, ऑफिसात चार माणसं मला वचकून असतात, आणि वीतभर पान्यापुढं नुसता उभा होतो. आईचा राग आला, तिच्या देवाचा आला, नांदेडच्या त्या फवाऱ्याचाही आला. पण तिची आण मोडायची ताकद माझ्यात नव्हती, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्रीनं जीपवाल्या दोस्ताला फोन लावला. तो अहमदपुरात होता. 'निघालोच' म्हणाला. आपल्याकडं निघालोच म्हणणारा माणूस अजून अंघोळीला बसलेला असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी वाट बघत बसलो. दुसरं काय करणार? मिस्त्रीच्या बायकोनं चहा आणला, आईनं तो तसाच निवू दिला. चाकामागून ऑइलचा थेंब पडायचा, मातीत जिरायचा, मग पुढचा पडायचा. मी तेवढंच बघत होतो. मध्ये एकदा टायरला लाथही मारली.

जीप आलीच नाही. फोन आला, मामेबहिणीचा. ती नुसती रडत राहिली. मी फोन खिशात टाकला. आईला काय आणि कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत गाडीपाशी गेलो, पण ती माझ्या तोंडाकडंच बघत होती. मला काही सांगावं लागलं नाही.

ती रडली नाही. मुठीतलं लिंग तिनं सोडून दिलं. मग मान बाहेर काढून मिस्त्रीला म्हणाली,

"उचल बाबा तुझा पाना. आता कुणाला भोवायचंय?"