कुठे विचारू नये

बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, अपशकुन होतो, हे विभावरी माहेरून शिकून आली होती आणि अबुधाबीत येऊनही तिनं ते सोडलं नव्हतं. फार तर विचारायची, “किती लांब?” दत्तप्रसाद म्हणायचा, “हे काय, इथंच.” अकरा वर्षं असंच चाललेलं.

दत्तप्रसाद शहराबाहेर मुसफ्फाच्या औद्योगिक भागात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. दोन हजार नऊच्या जानेवारीत प्रोजेक्ट खलास, आणि त्याच्यासकट चाळीस माणसं खलास. आणि हा शहाणा घरी बोललाच नाही! रोज इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, “येतो गं.” मग दिवसभर पायाला भिंगरी. मॉलमध्ये बसवेना, गाडीत बसवेना, मोबाईल वाजला की उचलवेना. असाच भटकत एक दिवस मासळीच्या बंदरावर पोचला. तिथं रत्नागिरीचा याकूब एका अरबाची छोटी फायबरची बोट चालवायचा. शुक्रवारची सुरमई दत्तप्रसाद त्याच्याकडूनच घ्यायचा.

“याकूबभाई, मला घेऊन चल. बसून बसून डोकं फिरायची वेळ आलीय.”

“यल्ला, चला. पण जॅकेट घाला साहेब. शमाल सुटेलसं वाटतंय. उत्तरेचा वारा तो, आणि आत्ताचं पाणी लई गार.”

“अरे, मालवणचा माणूस मी! गल्फच्या पाण्याला कसली आलीय थंडी?” असं म्हणून पठ्ठ्यानं लाइफ जॅकेट बुडाखाली घेतलं आणि त्यावर ऐसपैस बसला. त्यानं हा समुद्र पाहिलेला तो जून महिन्यात, तोही मुलीबरोबर गुडघाभर पाण्यात.

तासाभरात शमाल आलाच. माशांचा पिंजरा ओढायला दोघंही एकाच बाजूला वाकले, आडवी लाट बसली आणि बोट पालथी झाली. पाण्यात पडताच दत्तप्रसादचा श्वास छातीतच अडकला. हात मारायला गेला तर नाकातोंडात खारं पाणी. मालवण कुठल्या कुठे पळालं!

“पोहू नका!” याकूब ओरडला. “पाठीवर पडा, आधी श्वास येऊ दे!”

श्वास आला तसं याकूबनं त्याला कॉलर धरून पालथ्या बोटीवर चढवलं, कमरेला दोर बांधला. बुडाखालचं जॅकेट केव्हाच वाहून गेलं होतं. समोर किनाऱ्यावरच्या इमारती दिसत होत्या.

“एवढंच तर आहे. जाऊ या ना पोहत!”

“मूठ वळून दाखवा.”

वळेना. बोटं त्याची राहिलीच नव्हती.

“अंग पाण्याबाहेर ठेवा आणि मला चिकटून बसा,” याकूब म्हणाला. त्याचेही दात वाजत होते. “मोबाईल गेला. माझा मालक सुट्टीवर, मला कोण शोधणार? पण वहिनी तरी कोणाला पाठवतील ना? बंदरावर आलात, हे सांगितलंय ना त्यांना?”

दत्तप्रसादला रडूच फुटलं. “तिला वाटतंय मी ऑफिसात आहे.”

याकूब म्हणाला, “म्हणजे साहेब, तुम्ही तर बुडायच्या आधीच बेपत्ता झालात.”

दोन तासांनी वाऱ्याला भिऊन परतणाऱ्या एका बोटीला याकूबच्या अंगातलं नारिंगी जॅकेट दिसलं, म्हणून दोघं वाचले. दत्तप्रसाद घरी आला तो दुसऱ्याच कोणाच्या तरी लुंगीत. लेक ईशानीनं विचारलं, “बाबा, व्हाय आर यू शिव्हरिंग?” आणि त्यानं दारातच सगळं सांगून टाकलं. विभावरीनं आधी त्याला रजईत गुंडाळलं, मग कडाडून भांडली, मग रडली. “नोकरी गेली तर गेली मेली! तुम्ही गेला असता तर मी कुठल्या ऑफिसात जाऊन विचारणार होते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं तिनं डबा भरला, सवयीनं त्यानं बूट घातले. दारात त्याच्या तोंडून निघून गेलं, “येतो गं.”

विभावरी दार अडवून उभी राहिली.

“कुठे?”

अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“माहीत नाही गं,” तो म्हणाला.

तिनं त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि टेबलावर उघडून ठेवला. “मग बसा,” ती म्हणाली.