ओडेसाचा गळा

ओडेसा टिब्स आणि मी एकाच लॉन्ड्रीत गोऱ्यांच्या चादरींना इस्त्री करायचो. वाफेनं माझा जीव कासावीस व्हायचा, ती मात्र गात असायची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या आमच्या लहानशा गावात चर्चमध्ये भजनाची पहिली ओळ तिनंच उचलायची, हे ठरलेलं.

एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात ती मतदारयादीत नाव घालायला कचेरीत गेली; आम्हा काळ्यांना तिथं मत देऊ देत नसत. दुसऱ्याच दिवशी मालकानं तिला कामावरून काढलं. नवरा रूफस चिडला. "मतं देऊन, गाणी म्हणून पोट भरणारेय का गं?"

"गप्प बसून तरी कुठं भरत होतं?"

पुढच्या आठवड्यात मतदानाच्या हक्काच्या मोर्चात आम्हाला पोलिसांनी धरलं. बारा जणींच्या कोठडीत चाळीस बायका, संडास तुंबलेला. ओडेसानं जुनं भजन उचललं आणि सैतानाच्या जागी शेरीफचं, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाचं नाव घातलं. बायका हसत हसत गाऊ लागल्या.

जेलर ओरडला, "बंद करा, नाहीतर गाद्या उचलतो!"

"न्या की," ओडेसा म्हणाली. "गाद्या तशाही बेसूरच आहेत."

गाद्या गेल्या. आम्ही सिमेंटवर बसून गायलो.

तिसऱ्या दिवशी तिला एकटीला बाहेर नेलं. दांडक्याचे आवाज आले, मग काहीच नाही. परत आणून टाकली तेव्हा तिला पाण्याचा घोटही गिळवेना. गळा काळानिळा पडला होता. नंतर सोळा दिवस त्या कोठडीत कुणी गायलं नाही.

सुटलो तोवर रूफस तिला सोडून दूर उत्तरेला, डेट्रॉइटला निघून गेला होता. डॉक्टर म्हणाले, गाण्याचा आवाज परत यायचा नाही.

चर्चमधल्या रविवारच्या सभेत पहिल्या ओळीसाठी सवयीनं सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनं तोंड उघडलं. नुसती घरघर. माणसांनी माना खाली घातल्या. मग तिनं मला कोपरानं ढोसलं.

"मी? मला कुठं येतं?"

"सूर खाली धर," ती कानात कुजबुजली. "उंच नेलंस तर मधेच फुटशील."

मी गायले, वाईटच गायले. लोकांनी ओळ धरली तशी ती उठून बाहेर गेली. सभा संपल्यावर पायरीवर सापडली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"भयंकर," ती म्हणाली. थोडी हसली आणि मग तिला रडू फुटलं. "लुएला, मला घरी जायची भीती वाटते गं. तिथं काही ऐकूच येत नाही."

मारणाऱ्यावर कधी खटला झाला नाही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जायची. ती ओळी सांगायची, मी चुकायची.