घर त्यांचं, दार त्यांचं

ही गोष्ट मी आयुष्यभर टाळली. घरात जुन्या दुबईचा विषय निघाला की मी चहा मागायचो. आता वय असं झालंय की टाळायलाही वेळ उरलेला नाही.

"घर त्यांचं, दार त्यांचं." चाचा हे म्हणताना बोटाने हवेत चौकट काढत. साठच्या दशकात आम्ही दुबईच्या देरा भागातल्या एका बांधकाम यार्डात होतो. चाचा स्टोअरकीपर, मी सुतार, बाकीचेही बहुतेक रत्नागिरीकडचे. मुंबईहून बोट आली की आठवड्याची वर्तमानपत्रं एकदम येत. चाचा ती तारखेने लावत आणि जुम्म्याच्या नमाजानंतर आम्हाला ओळीने वाचून दाखवत. शेवटचा अंक आधी कोणाला उघडू देत नसत. "बुधवार कळल्याशिवाय गुरुवार काय कळणार?" आणि मग प्रत्येक बातमीवर मत.

विलायतेत आपल्या लोकांना किती येऊ द्यायचं, यावर तेव्हा मोठा वाद चालला होता. आम्ही गोऱ्यांना शिव्या देत असू. चाचा मात्र म्हणत, ते घरवाल्याने ठरवायचं. पाहुण्याने कागद दाखवावा, तिथली भाषा शिकावी, तिथल्या रीतीने राहावं. हे ऐकताना आम्ही नऊ जण माना खाली घालत असू. लाँचमधून खोरफक्कानच्या किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात चोरून उतरून आलेले आम्ही, कागद कुठला?

"चाचा, तुम्ही गोऱ्यांच्या पार्लमेंटातच जाऊन बसा," मी टोमणा मारायचो.

"बसेन की. पण तुझ्यासारखा खिडकीतून नाही शिरणार."

यार्डात पाण्याच्या दोन टाक्या होत्या. बर्फाची इंग्रज फोरमनसाठी, साधी आमच्यासाठी. एका जूनमध्ये चाचांनी फोरमनच्या देखत बर्फाच्या टाकीतून पेला भरला. तो ओरडणार, तेवढ्यात चाचा शांतपणे म्हणाले, "साहब, आप भी मेहमान, हम भी मेहमान. घरवाला वो बैठा है." यार्डाचा अरब मालक पोट धरून हसला. दुसऱ्या दिवसापासून बर्फ दोन्ही टाक्यांत.

तेव्हापासून मालक त्यांना मजलिसमध्ये, आपल्या बैठकीच्या खोलीत, कॉफीला बोलावू लागला. आणि पंधरा दिवसांत बातमी आली, सगळ्यांचे कागद तपासणार. ज्याच्याकडे नसेल त्याची परत पाठवणी. मी घाबरलो आणि सगळ्यांना सांगून टाकलं की आमची नावं चाचांनीच मालकाला दिली. एवढं पुरलं. पुढच्या शुक्रवारी त्यांच्यासमोर कोणी बसलं नाही. त्यांनी सगळे अंक एकट्यानेच मोठ्याने वाचले. आम्ही खोलीत पडून ऐकत होतो.

नावं त्यांनी दिली होती, पण कागद करून घेण्यासाठी. तपासणीच्या सकाळी मालकाच्या कारकुनाने नऊ जणांचे कागद माझ्या हातात ठेवले आणि हमीपत्रही दाखवलं. नऊ नावांखाली चाचांची सही. आमच्यापैकी एकानेही गैरवर्तन केलं, तर चाचांनाही घालवून द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि कारकुनाला परत दिलं.

यार्डात मी फक्त कागद घेऊन आलो. पोरांनी मला खांद्यावर उचललं. काम मीच केलं असं त्यांनी धरलं, मी नाही म्हटलं नाही.

त्या दिवसासारखी जीत मी पुन्हा पाहिली नाही. मालकाने हुकूम दिला, रांग एकच. पुढे फोरमन पासपोर्ट धरून उभा, मागे आम्ही नऊ, छाती काढून. नऊच्या नऊ पास. चाचा स्टोअरच्या पायरीवरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला तिकडे बघवेना. ते जवळ आले, माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "मुबारक. आता कोणाला भिऊ नको."

शुक्रवारची बैठक मात्र पुन्हा भरली नाही. वर्षभराने ते कायमचे गावी निघाले. मी धक्क्यावर गेलो. वाक्य पाठ केलेलं होतं. समोर उभा राहिलो आणि विचारलं, "चाचा, ट्रंक उचलू?"

"उचल," ते म्हणाले.

मी ट्रंक होडीत ठेवली. होडी खाडीतून बोटीकडे निघाली. चाचांनी हात हलवला, मीही हलवला. चाचा, तुमचं नाव मी खराब केलं, मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं.