कोंडाबाईंच्या पायऱ्या

"मॅडम, बाजूला व्हा. व्हीलचेअर आणलीय."

दिलीपचा आवाज आला तेव्हा त्याच्या आईनं, कोंडाबाईंनी, तुळजापूरला मंदिराकडं उतरणाऱ्या पहिल्या पायरीवर नुकती काठी टेकवली होती. मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. धाराशिवला माझं क्लिनिक आहे. या पायऱ्यांसाठी आम्ही दोघी चार-पाच महिने घाम गाळत होतो.

झालं होतं असं. जळकोटजवळ हायवेवर दिलीपचा ॲक्सिडेंट झाला. तो आयसीयूत असताना कोंडाबाई देवीला बोलल्या, पोरगं उठलं तर माझ्या पायानं पायऱ्या उतरून तुझी ओटी भरीन. पोरगं उठलं. पण नवस फेडायच्या आधीच बाई अंगणात घसरल्या अन् खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड पडला. माझ्याकडं आल्या ते हेच म्हणत, "चालायचं ऱ्हाऊ द्या मॅडम, उतरायचं शिकवा."

लोकांना चढणं अवघड वाटतं. खुब्याच्या पेशंटला उतरणं जास्त भीतीचं. उतरताना मांडीच्या स्नायूला सगळं वजन हळूहळू सोडावं लागतं. तो कच्चा असला की गुडघा दगा देतो. म्हणून आधी काठी, मग ऑपरेशनचा पाय, शेवटी चांगला पाय. क्लिनिकमधल्या लाकडी पायऱ्यांवर बाई हे पुटपुटत उतरायच्या. "माझ्या सासूनं बी एवढं छळलं न्हाय!" असं मला सुनवायच्या आणि परत वर चढायच्या. दिलीप दर वेळी त्यांना घेऊन यायचा. पण आत कधी आला नाही. बाहेर गाडीत फोनवर बोलत बसायचा.

"त्या तयार आहेत," मी त्याला म्हणाले. "मी एक पायरी खाली उभी आहे. पडू देणार नाही."

"पडायचा प्रश्न न्हाय हो मॅडम. संगं आलेली गावातली माणसं बघायलेत. दारात मोटार अन् आई काठी टेकत उतरायलीय! पोराला आईचं ओझं झालं म्हणतील."

"दिल्या, म्या देवीला बोललेय रं," कोंडाबाई म्हणाल्या.

"देवीला काय, आई? पोचल्याशी मतलब."

त्यानं आणि तीन दोस्तांनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्ची उचलली. कुणीतरी व्हिडिओ काढला. वाटेतल्या बायांनी दिलीपला हात जोडले. मी त्यांची काठी घेऊन मागं चालले. संताप संताप झाला होता नुसता. ओटी भरताना बाईंनी मान वर केली नाही.

पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. दिलीपला फोन केला तर म्हणाला, "आता काय गरज? दर्शन झालं की."

मी जळकोटला त्यांच्या घरी गेले. बाई खाटेवर पडून होत्या.

"उठा, आपण दोघीच परत जाऊ," मी म्हणाले.

"कशाला? नवस माझा, फेडला चौघांनी. देवी घेईल मानून, ती मोठी हाय. मला न्हाय मानवत."

त्यानंतर त्यांनी पाय हलवलाच नाही. गाव दिलीपला श्रावणबाळ म्हणतं. त्या श्रावणबाळाला आता आईला संडासलाही धरून न्यावं लागतं.

माझ्याकडं हल्ली एक नियम आहे. पेशंट पायऱ्या उतरताना मुलानं गाडीत बसायचं नाही. समोर उभं राहून बघायचं, हात खिशात घालून.