रॉकेलच्या डब्यातलं पाणी

पुरासाठी पिण्याचं पाणी मी एकदा रॉकेलच्या डब्यात भरून ठेवलं होतं. आज राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये रंगारी रॉकेलनं ब्रश धुवायला लागला आणि त्या वासानं मी थेट नृसिंहवाडीच्या घराच्या माळ्यावर जाऊन बसले.

नवा डबा कशाला विकत घ्यायचा, म्हणून मी जुनाच राखेनं घासला होता. चुरमुरे, शेंगा, गूळ, सगळं नीट बांधलेलं. स्वतःवर काय खूश होते बाई मी! खाली घरात कृष्णेचं पाणी छातीएवढं चढलं, तेव्हा डब्याचं झाकण उघडलं. नुसता रॉकेलचा भपकारा! चांगलं पाणी तांब्याभरच होतं.

तापानं फणफणलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मला तहान न्हाय." मी शहाणीनं ते खरं मानलं आणि दीड दिवस तो तांब्या दोन वर्षांच्या लेकीला घोटघोट पाजला. माझी पाठ वळली की त्या डब्यातल्याच पाण्यानं ओठ ओले करायच्या, हे मला नंतर कळलं.

नाव आली, पण सासूबाई दवाखान्यातून घरी परतल्याच नाहीत. गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पायाशी रडत बसले होते, तर माझ्यावरच खेकसल्या, "पोरीनं चांगलं पाणी पिलं न्हवं? मग रडतीयास कशाला, येडे?"