अंगठ्याची खूण

लवंगतेलाचा वास आला की दातांचा तो दवाखाना आठवतो. आजाराने धाकट्या भावाचे स्नायू दुबळे झाले होते. तोंड जरा वेळ उघडं ठेवलं की जबडा ठणकायचा आणि थांबा म्हणायला हात उचलता येत नसे. "यांचा अंगठा हलला की मला सांगा," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. तेवढ्यात सातपूरहून कंपनीचा फोन आला, मी खिडकीकडे वळलो. परत पाहिलं तर अंगठा थरथरत होता, डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं होतं. "आत्ताच हलला," मी खोटंच सांगितलं. रिक्षात तो एवढंच बोलला, "दादा, पुढच्या वेळी वहिनीला पाठव." पुढे शेवटपर्यंत तीच गेली. तो गेल्यावरही ती कौतुकाने सांगते, "भावजींना माझाच आधार वाटायचा." त्या अंगठ्याचं मी तिला कधीच सांगितलेलं नाही.