बिरडं सोलणाऱ्या आईचा लिलाव

भावना गमरे लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिचा पगार मात्र शाळेतून येतो. अलिबागजवळच्या एका माध्यमिक शाळेत ती कलाशिक्षिका आहे, आणि शाळेतल्या निम्म्या शिक्षकांना तिची पुस्तकं ठाऊक नाहीत. शनिवारी वाचनालयात मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. तिथे ती वर्गातल्या मुली घेऊन यायची, मागच्या बाकावर बसायची आणि ऐकणाऱ्या मुलींचे हात काढायची. तोंडं नाही, हातच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काकू, तोंडावर सगळे शहाण्यासारखे बसतात. हात खरं बोलतात."

हल्ली बहुतेक चित्रकार कॉम्प्युटरवर काम करतात. भावना कागदावर, पाण्याच्या रंगात करते. समोर जिवंत माणूस बसलेलं असल्याशिवाय तिला चेहरा काढता येत नाही. फोटोवरून काढायला घेतलं की चित्र मेल्यासारखं होतं, असं ती म्हणते. त्यामुळे तिच्या पुस्तकांतले पोस्टमन, कोळिणी, कंडक्टर तिच्या थळ गावच्या रस्त्यावर कुठे ना कुठे भेटतातच.

काही वर्षांपूर्वी तिला चित्रांसाठी एका आजीची गोष्ट आली. आजी उंबऱ्यात बसून मोड आलेले वाल सोलते, आपल्याकडच्या भाषेत बिरडं सोलते, आणि चिमटीतून निसटलेला प्रत्येक दाणा पांढरा पक्षी होऊन उडतो. भावनाने आपल्या आईलाच वालाची परात घेऊन बसवलं. धोंडूबाई मूळची म्हसळ्याकडची, तोंडाने फटकळ. चित्र होईपर्यंत तिने लेकीला सुखाने काम करू दिलं नाही.

"येवढं बसकं नाक हाय काय माझं?"

"आहे तेवढंच काढलंय, आई."

"मंग नको काढूस. पक्षी मोठे काढ, नाक झाकंल."

पक्षी मोठे काढले, नाक झाकलं नाही. ते पान पुस्तकातलं सगळ्यांत सुंदर पान झालं. धोंडूबाईला वाचता येत नव्हतं. ती पुस्तक उघडून त्या पानावर थांबायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही मी. पुढची गोष्ट मला नको."

मागच्याच्या मागच्या दिवाळीआधी धोंडूबाई गेली. जलदानविधीला ठेवायला घरात धड फोटो निघाला नाही. आधार कार्डावरचा होता, पण तो पाहून ती स्वतःच म्हणायची, ही कोण चोरटी. म्हणून त्या पानाचं मूळ चित्र फ्रेम करून ठेवलं, आणि नंतर ते भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी लागलं. भावनाचा नवरा अजित नोकरीसाठी पनवेलला असतो, शनिवारी येतो. लग्नानंतरही भावनाने माहेरचंच आडनाव ठेवलं आणि ती माहेरीच राहिली; घरात ती आणि तिचे वडील दत्ताराम. दत्ताराम कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त. सकाळी ते मेणबत्ती लावत, वंदना म्हणत आणि मग चित्रापुढे उभे राहून काल काय झालं ते सांगत. धोंडूबाईच्या भावाने फोन केला नाही, गवारीचा भाव वाढला, असलंच काहीतरी.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक काम निघालं. डोंगरातल्या वाड्यांवर मुलांसाठी पुस्तकं नेणारी एक गाडी आहे. ती पार मोडकळीला आली होती. जवळच्या आवास गावात बंगला असलेल्या अमिषा या मुंबईच्या बाईंनी पुढाकार घेतला. मुलांच्या पुस्तकांच्या चित्रकारांनी एकेक मूळ चित्र द्यायचं, त्यांचा लिलाव करायचा आणि त्यातून नवी गाडी घ्यायची. अमिषा मनाने चांगली, कामाला वाघीण. मला आंटी म्हणते आणि भराभरा बोलते. पुण्यामुंबईच्या चित्रकारांनी आपली उत्तम चित्रं पाठवली. भावनाचं नाव मीच सुचवलं होतं. चित्र निवडायला अमिषा तिच्या घरी गेली तेव्हा मी बरोबर होते.

भावनाने कपाटातून आपली चित्रं काढली. बेडूक, एसटी, पावसाळी छत्र्या. अमिषाने ती पाहिली, छान छान म्हणाली. तिची नजर भिंतीवर गेली.

"अरे, हे! भावना, हे काय लपवून ठेवलंय? लिलावाच्या पुस्तिकेच्या कव्हरवर हेच!"

मला वाटलं, भावना आता सांगेल की ही तिची आई. पण अमिषा बाकीच्या चित्रकारांची नावं घेत होती, कोणी पुस्तकाचं मुखपृष्ठच दिलं, कोणी बक्षीस मिळालेलं चित्र. भावनाच्या हातात बेडूक होता. तिने तो कपाटात ठेवला आणि म्हणाली, "न्या."

दत्ताराम विहारात गेले होते. परत आले तर भिंतीवर खिळा. पुढचं मला भावनानेच सांगितलं.

"आय कुठं गेली?"

"बाबा, ते चित्र लिलावाला दिलं. मुलांच्या गाडीसाठी."

आपल्या किनाऱ्यावर लिलाव म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. बंदरावर ओतलेली मासळी, नाहीतर बँकेने सील केलेलं घर. दत्ताराम चपला न काढता खुर्चीवर बसले.

"लिलाव? तुझी आय काय पाटीतला बोंबील हाय? का आपन कोनाचं बुडवलंय?"

"तसं नाही बाबा. मोठमोठे चित्रकार देतायत."

"त्यांनी आपापल्या आया दिल्या काय?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. ताट वाढलं की उचलून ओटीवर जायचे. भावना माझ्याकडे येऊन रडली. मी म्हटलं, अमिषाला सांगते, चित्र परत मागते. तर म्हणाली, "काकू, शब्द दिलाय. निमंत्रणावर छापलंय. आणि खरं सांगू? मला ते द्यायचंही होतं. त्या सगळ्यांच्या चित्रांत माझं लागावं असं वाटलं. बेडूक घेऊन कसं जाणार?"

तोड दत्तारामांनीच काढली. एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "आयच्या नावानं दान म्हनून दे. इकायचं ते त्यांनी इकावं. आपन दान दिलं. पन नाव लागलं पाहिजे." आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: कालकथित धोंडूबाई दत्ताराम गमरे यांच्या स्मरणार्थ.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लिहितात, म्हणजे कैलासवासी. माझ्या यजमानांच्या नावाआधी मी इतकी वर्षं तेच लिहीत आले, कधी थांबून विचार केला नाही. बौद्ध कुटुंबं कालकथित लिहितात. दत्तारामांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात कै. हे अक्षर आलेलं नाही. कारखान्यात असताना वडील वारले तेव्हा फळ्यावर कोणीतरी कै. लिहिलं होतं. दत्तारामांनी ओला फडका मागून ते आधी पुसलं आणि मग घरी गेले.

भावनाने ती ओळ फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने लिहिली आणि अमिषाला फोनवर पाठवली.

लिलावाच्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला होता. चित्रं भिंतीने मांडली होती, प्रत्येकाखाली पाटी. भावनाचं चित्र मधोमध, त्यावर वेगळा दिवा. दत्ताराम पांढरा शर्ट घालून, छत्री घेऊन आले होते. येणार नाही म्हणाले होते, पण आले. भावनाला केवढं बरं वाटलं होतं! ते थेट चित्राशी गेले. चष्मा लावून पाटी वाचली. मग हातातली पुस्तिका उघडून तेच पान वाचलं.

दोन्हीकडे छापलं होतं: कै. धोंडूबाई गमरे यांच्या स्मरणार्थ.

त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "भावना, काढ खाली."

अमिषा धावत आली. "काय झालं, अंकल?"

"हे कोनी लिवलं?"

"मी. ते तुमचं कालक... काहीतरी होतं ना, मला वाटलं टायपिंगची चूक आहे. डिझायनर पण म्हणाला, असा शब्दच नाही. म्हणून मराठीत नीट करून घेतलं. रिस्पेक्टने लिहिलंय, अंकल."

"आदर करायचा तर इचारायचं व्हतं. ती कैलासाला गेली न्हाय, बाई. कैलास आमच्या बापानं सोडला. तुमी तिला मेल्यावर परत तिथं नेऊन बसवली."

अमिषाचा चेहरा उतरला. तिला अर्थ कळायला वेळ लागला, आणि कळला तेव्हा ती खरोखर ओशाळली. पण माणसं बसली होती, पुस्तिका सगळ्यांच्या हातात होत्या. ती म्हणाली, "आपण नंतर करेक्शन टाकू. वेबसाइटवर. आता प्लीज..."

दत्तारामांनी चित्राशेजारी खुर्ची ओढली, बसले आणि एक हात फ्रेमवर ठेवला. "आमी घरी नेतो."

भावना दोघांच्या मधे उभी होती. मी तिला वाचनालयात मुलींवरसुद्धा ओरडताना पाहिलेलं नाही. मुख्याध्यापक काही बोलले की ती पदराचं टोक चुरगाळते, असं वर्गातल्या मुली सांगतात. मला वाटलं, आता ही चित्र उचलेल आणि बापाबरोबर जाईल, किंवा उचलणार नाही आणि बाप एकटा जाईल. दोन्हींत तिचं काहीतरी कायमचं तुटणार होतं.

ती अमिषाला म्हणाली, "माझ्या चित्राची वेळ आली की माईक मला द्या. नाहीतर मी आत्ता नेते."

"अगं पण निवेदक आहेत, ते सांगतील ना."

"त्यांना तो शब्द म्हणता येणार नाही."

तिची पाळी आली. भावना वर गेली. माईक तिच्यासाठी उंच होता, तो खाली करायला कोणाला सुचलं नाही. ती टाचा उंचावून बोलली. "तुमच्या हातातल्या पुस्तिकेत चूक आहे. माझी आई कैलासवासी नाही. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात कालकथित म्हणतात. कालकथित धोंडूबाई दत्ताराम गमरे. कृपा करून पेनने दुरुस्त करा. पेन नसेल तर शेजाऱ्याचं घ्या."

कोणीतरी चुकीच्या जागी टाळी वाजवली आणि थांबवली. काहींनी पेन काढलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला हळूच म्हणाले, "हे कशाला इथे?" मला ऐकू आलं. दत्तारामांनाही आलं असेल. पण त्यांनी फ्रेमवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

बोली लागली, वाढली. चित्र त्याच पुढच्या रांगेतल्या जोडप्याने घेतलं. अमिषाने भावनाला मिठी मारली, "सॉरी" म्हणाली, परत मिठी मारली. दत्ताराम बाहेर हवेवर गेले.

बांधाबांध चालली होती तिथे मी आणि भावना होतो. घेणाऱ्या बाईंनी फ्रेम उलटी करून पाहिली. शाईतलं नाव त्यांच्या नजरेला पडलं.

"हे नातीच्या खोलीत लावायचंय हो. गेलेल्या माणसाचं नाव कशाला मुलांच्या डोक्याशी? झाकता येईल ना?"

फ्रेमवाला म्हणाला, "ब्राऊन पेपर मारून देतो की, मॅडम. दिसणार पण नाय."

बाईंनी भावनाकडे पाहिलं, अगदी सभ्यपणे. "तुमची हरकत नाही ना?"

नाव लागलं पाहिजे, एवढीच दत्तारामांची अट होती, आणि आत्ताच सगळ्या हॉलसमोर ती पुरी झाली होती. भावना पदराचं टोक चुरगाळत उभी राहिली. मग फ्रेमवाल्याला म्हणाली, "शाईवर गोंद लावू नका. कडेनेच चिकटवा." त्याने तसं केलं. कागद ताणून बसला, वरून हात फिरवला. पुठ्ठा कोरा दिसू लागला. बाईंनी समोरून एकदा आजीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती गोड आहे नाही?"

परतताना आम्ही तिघं एकाच रिक्षात बसलो. माझं घर वाटेत, वरसोलीला. मग दत्तारामांनी विचारलं, "मागचं नाव वाचलं काय त्यांनी?"

"वाचलं, बाबा."

"काय म्हनाले?"

भावना बाहेर पाहत होती. "विचारलं, कोण होत्या म्हणून."

"मंग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, म्हसळ्याची होती."

"म्हसळ्याची न्हाय, बाय. म्हसळ्याच्या अलीकडं. म्हसळा म्हटलं की तिला राग यायचा."

"तेही सांगितलं. बिरडं छान करायची, म्हटलं."

"तिखट करायची. ते सांगितलंस?"

"हो."

"आनि नाकाचं?"

"नाकाचंही सांगितलं."

"त्या हसल्या आसतील."

"हसल्या," भावना म्हणाली.

वरसोलीला मी उतरले. भाडं द्यायला लागले तर तिने मला हाताने थांबवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. दत्ताराम तिच्याकडे वळून बसले होते आणि आणखी काय काय सांगायचं राहिलं ते विचारत होते.